घरच्या घरी गाडीच्या कूलिंग सिस्टीममधली एअर कशी काढायची: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कूलंट बदललं, होज पाइप बदलला, वॉटर बॉडी (म्हणजे वॉटर पंप) नवीन टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी सिग्नलला टेम्परेचरचा काटा वर चढायला लागला. मग फोन येतो, "अरे आत्ताच तर काम केलंय, आता काय झालं?" दहातल्या बऱ्याच वेळा आत एअर राहिलेली असते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून सगळं इथे एका जागी टाकतोय. गाडीचं मॅन्युअल हाताशी असेल तर आधी ते बघा, त्यात वेगळं काही दिलं असेल तर त्याचं ऐका, माझं नाही.

एअर राहिली म्हणजे नक्की होतं काय?

वॉटर पंप पाणी ढकलतो, हवा नाही. सिस्टीम रिकामी करून परत भरली की हवा वर वर जाते आणि सगळ्यात उंच जागी जाऊन बसते, म्हणजे इंजिनच्या हेडमध्ये (सिलिंडरच्या वरचा भाग), थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व) हाऊसिंगमध्ये, नाहीतर डॅशबोर्डच्या मागे जो हीटरचा छोटा रेडिएटर असतो त्यात. तिथे कूलंट पोचतच नाही. हेडच्या त्या भागाची उष्णता घेऊन जायला कोणी नाही, मग तेवढाच भाग भयंकर तापतो, आजूबाजूच्या पाण्याची वाफ होते, वाफेने अजून जागा व्यापली जाते, आणि पंपातच हवा शिरली तर फिरणंच बंद. आजकालची हेडं ॲल्युमिनियमची, ती तापून वाकली की हेडखालचं सील, म्हणजे गॅस्केट, जातं आणि मग हजारांचं बिल.

ओळखायचं कसं?

डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो, खासकरून सकाळी स्टार्ट केल्यावर किंवा रेस दिल्यावर. हीटर लावला तर रेस दिल्यावर गरम हवा आणि स्लो स्पीडला (ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू) आली की थंड. काटा एका जागी न राहता वरखाली होतो. आणि कूलंट भरून फिरवून आणल्यावर, कुठे थेंबभरही लिकेज नसताना, लेव्हल अचानक खाली गेलेली दिसते. शेवटचं लक्षण वाईट नाही उलट, हवा निघाली आणि तिची जागा कूलंटने घेतली एवढाच त्याचा अर्थ, फक्त ते वेळेवर बघून भरायला हवं.

पण माझा काटा तर नॉर्मल आहे, मग कशाला टेन्शन घ्यायचं?

हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि इथेच लोक फसतात. टेम्परेचरचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच तो खरं सांगतो. त्याच्या तोंडाशी हवेचा फुगा बसला असेल तर तो हवेचं टेम्परेचर सांगणार, आणि हवा धातूची उष्णता पाण्यासारखी पटकन घेत नाही. म्हणजे हेड तापतंय आणि काटा आपला मध्यावर नाहीतर त्याच्याही खाली, शांत. आणि रेडिएटर फॅन बहुतेक गाड्यांत याच सेन्सरच्या भरवशावर लागतो, म्हणजे फॅनही लागणार नाही. वाफेचा झोत आला की काटा एकदम उडी मारून वर जातो आणि परत खाली येतो. अशी उडी दिसली तर "सेन्सर खराब झाला असेल" म्हणून सोडून देऊ नका. नवीन सेन्सर आणून बसवतात लोक, आणि त्रास तिथल्या तिथे.

म्हणून काम केल्यानंतरचे पहिले काही दिवस काट्यापेक्षा लेव्हलवर विश्वास ठेवा.

किती एअर राहिली ते मोजता येतं का?

येतं, आणि याला काही यंत्र लागत नाही. कूलंट काढताना ते जमिनीवर न सोडता टबात घ्या आणि जुन्या एक लिटरच्या बाटल्यांनी मोजा. छोट्या गाड्यांत साधारण साडेतीन ते पाच लिटर कूलंट असतं, पण ड्रेनमधून सगळं बाहेर येत नाही, काही ब्लॉकमध्ये राहतं. समजा साडेतीन निघालं आणि भरताना अडीचलाच गळ्यापर्यंत आलं, तर उरलेल्या एका लिटरच्या जागी हवा आहे. ते लिटर आत गेल्याशिवाय काम संपलं म्हणायचं नाही. ज्याने काम केलं त्यालाही हा प्रश्न विचारा, किती काढलं आणि किती भरलं. उत्तर "फुल भरलंय साहेब" असं आलं तर स्वतः चेक करा. (गळतीमुळे आधीच कूलंट कमी झालं असेल तर हा हिशोब अर्थातच जुळणार नाही, तेव्हा मॅन्युअलमधला आकडा धरा.)

माझ्या गाडीत झाकण कुठे असतं?

दोन प्रकार आहेत. पहिला, रेडिएटरवरच प्रेशरचं झाकण आणि बाजूला एक साधी प्लास्टिकची बाटली, तिला बारीक पाइप. मारुती ८००, अल्टो, होंडा सिटी, आय-टेन वगैरे. यात बाटलीत प्रेशर नसतं. दुसरा, रेडिएटरला झाकणच नाही, एक जाड प्लास्टिकची टाकी आणि तिच्यावरच आटे असलेलं प्रेशरचं झाकण. पोलो, डस्टर, इकोस्पोर्ट या लायनीतल्या गाड्या. यात टाकी सिस्टीमचाच भाग असते आणि सगळ्यात उंच असते, त्यामुळे बरीचशी हवा आपोआप टाकीत येते. पहिल्या प्रकारात बाटली भरली म्हणजे रेडिएटर भरला असं नाही हं, बाटली मॅक्सला आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं अगदी सर्रास दिसतं.

सामान काय काय लागेल?

गाडीचं कूलंट, डिस्टिल्ड वॉटर (पाणी न मिसळलेलं कॉन्सन्ट्रेट आणलं असेल तर), टब, फडकी, हातमोजे, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर किंवा पाना, आणि चाकाला लावायला दोन विटा. घट्ट बसणारं फनेल मिळालं तर काम फार सोपं होतं, ते झाकणाच्या जागी बसतं आणि त्यात कूलंट उभं राहतं त्यामुळे भरायची जागा आपोआप सगळ्यात उंच होते. नसेल तर पाण्याची बाटली बुडाकडून कापा, तोंडाला रबराची जुनी ट्यूब गुंडाळा आणि रेडिएटरच्या गळ्यात दाबून बसवा, हातभर सांडेल पण काम होतं.

गरम इंजिनचं झाकण फडकं धरून हळूच उघडलं तर?

नाही. फडकं, गोणपाट, "थोडंसंच फिरवतो", काही नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा दिसतो, तेवढं प्रेशर आत असतं. त्या प्रेशरखाली पाणी शंभरला नाही, ११८–१२० च्या आसपास उकळतं, आणि कूलंट मिसळलेलं असेल तर अजून वर. झाकण सैल केलं की प्रेशर एका क्षणात जातं आणि आतलं सगळं उकळून तोंडावर येतं. वरचा होज हाताने दाबून बघा, मऊ आणि कोमट लागला तरच झाकणाला हात. दोन-तीन तास लागतील, लागू देत. भाजलंच तर २० मिनिटं वाहत्या नळाखाली धरा आणि डॉक्टरकडे जा, हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

अजून दोन गोष्टी. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये किंवा बंद शटरमागे इंजिन चालू ठेवून हे काम करू नका, धुराने माणूस जातो. आणि रेडिएटरचा फॅन काही गाड्यांत चावी बंद असताना पण लागतो, तेव्हा ओढणी, सैल बाह्या, हात, सगळं लांब.

रेडिएटरवर झाकण असलेल्या गाडीची एअर कशी काढायची, नीट सांगा

इंजिन पूर्ण थंड. गाडीचं तोंड थोडं चढावर येईल अशी उभी करा, म्हणजे रेडिएटरचा गळा सगळ्यात उंच होईल. सोसायटीच्या गेटचा रॅम्प मस्त चालतो, वॉचमनला सांगून ठेवा फक्त. हँडब्रेक, न्यूट्रल, मागच्या चाकांना विटा.

हीटरचं बटण फुल गरमवर, ब्लोअर एकवर, एसी बंद. आता झाकण काढून कूलंट ओता, पण हळू, बारीक धारेने. घाईने ओतलं की हवेला वर यायला वाटच मिळत नाही आणि गळ्यापर्यंत भरल्यासारखं वाटतं. मध्ये मध्ये थांबून वरचा जाड होज पंजात धरून दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. गळ्यात डुबुक डुबुक बुडबुडे येतील आणि लेव्हल खाली जाईल. परत भरा. गाडीला ब्लीड स्क्रू असेल तर याच वेळी उघडा (त्याबद्दल खाली लिहिलंय). बाटली मिन आणि मॅक्सच्या मध्ये भरून ठेवा.

लेव्हल हलायची थांबली की झाकण न लावताच इंजिन स्टार्ट करा आणि स्लो स्पीडला चालू द्या. पहिली पाच-दहा मिनिटं फार काही होत नाही, बारीक फेस, अधूनमधून एखादा मोठा बुडबुडा, लेव्हल हळूहळू वर येते कारण गरम होऊन कूलंट फुगतं. मग थर्मोस्टॅट उघडतो. तो क्षण बघण्यासारखा असतो, शांत उभं असलेलं पाणी अचानक गळ्यातून वाहताना दिसायला लागतं, लेव्हल एक घोट गिळल्यासारखी खाली जाते, आणि इतका वेळ थंड असलेला होज चटका बसेल इतका गरम होतो. लगेच भरा. ही सगळ्यात मोठी हवा निघायची वेळ.

यानंतर कोणाला तरी ॲक्सिलरेटरवर बसवा आणि २००० ते २५०० आरपीएमला अर्धा-एक मिनिट धरायला सांगा. रेस दिली की लेव्हल खाली जाते, सोडली की परत वर उसळते, म्हणून रेस चालू असताना काठोकाठ भरू नका, सोडल्यावर सगळं बाहेर येईल आणि अंगावर उडेल. तोंड गळ्याच्या वर नेऊन आत डोकावू पण नका. असं चार-पाच वेळा. रेडिएटर फॅन लागून बंद, परत लागून बंद, असं दोनदा झालं, हीटरमधून स्लो स्पीडलाही गरम हवा येतेय, बुडबुडे थांबले, की काठापर्यंत भरून झाकण लावा, नवीन असेल तर उत्तम. इंजिन बंद.

पूर्ण गार झाल्यावर परत उघडा आणि बघा. बहुतेक वेळा थोडं कमी झालेलं असतं. भरा, बाटली पण बघा, आणि मग जवळच एक चक्कर मारून या. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी थंड असताना लेव्हल बघायची, ती हलायची थांबली की झालं.

टाकीवर झाकण असलेली गाडी, आणि तो ब्लीड स्क्रू कुठे असतो?

पद्धत तीच, फक्त भरायचं टाकीतून. बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगवर, हीटरच्या पाइपवर किंवा रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा स्क्रू असतो, पितळी नाहीतर प्लास्टिकचा, कधी कधी वर नुसतीच रबरी टोपी. इंजिन थंड असताना तो दोन-तीन आटे सैल करा, टाकीत हळूहळू भरत राहा, आधी फुसफुस हवा येईल, मग फेस, मग बुडबुडे नसलेली सलग धार. धार आली की बंद. एकापेक्षा जास्त स्क्रू असतील तर खालच्यापासून सुरुवात करून वर जायचं.

प्लास्टिकचा स्क्रू जास्त आवळू नका. त्याला ताकद लागत नाही, आत रबराची ओ-रिंग असते ती सील करते. जुन्या गाडीत हे प्लास्टिक इंजिनच्या उष्णतेने इतकं ठिसूळ झालेलं असतं की पाना लावला की डोकं हातात, आणि मग रविवारी दुपारी तो पार्ट शोधत फिरायचं. शंका असेल तर नवीन स्क्रू आधी आणून ठेवा.

टाकी काठोकाठ भरायची नाही, मॅक्सच्या खालीच. वरची रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली असते, कूलंट फुगल्यावर जायला.

इथे कोण हीटर लावतं? तो चालू करायची काय गरज?

खरंय, पुण्या-मुंबईत हीटरचं बटण वर्षानुवर्षं कोणी फिरवत नाही. पण जुन्या बऱ्याच गाड्यांत हीटरच्या पाइपवर कॉक असतो, बटण थंडवर असेल तर तो बंद राहतो, मग त्या भागातली हवा तिथेच अडकते आणि चार दिवसांनी कोणीतरी बटण फिरवलं की सिस्टीममध्ये येते. नवीन गाड्यांत असा कॉक बऱ्याचदा नसतो, कूलंट कायम फिरतं आणि फक्त आतली पट्टी हलते, पण तिथेही हीटरची हवा हा फुकटचा टेस्टर आहे, गरम आली म्हणजे कूलंट तिथपर्यंत पोचलं.

कोणी हीटरचे दोन पाइप काढून एकमेकांना जोडून टाकले असतील (हीटर कोअर लीक झाला की हा जुगाड सगळीकडे करतात) तर अर्थात हा टेस्टर गेला.

थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर? मेकॅनिक म्हणतो आपल्याकडे गरज नाही

हा सल्ला मी लहानपणापासून ऐकतोय. "व्हॉल्व काढून टाका, गाडी कधी तापणार नाही." थर्मोस्टॅट साधारण ८२ किंवा ८८ डिग्रीला उघडायला लागतो, त्याचं काम इंजिनला लवकर गरम करून त्या टेम्परेचरला ठेवणं. काढला तर इंजिन हायवेला थंडच राहतं, कॉम्प्युटरला वाटतं अजून वॉर्मअप चाललंय, तो जास्त पेट्रोल टाकत राहतो, ॲव्हरेज पडतं, आणि नवीन गाडीत चेक इंजिनची लाइट लागते, कोड पी ०१२८. गाडी तापायचं खरं कारण दुसरंच असतं ते तसंच राहतं.

बसवताना एक बघा. थर्मोस्टॅटच्या चकतीवर बऱ्याचदा एक छोटं भोक आणि त्यात हलणारी पिन असते. ती हवा जायला असते, म्हणून ती वरच्या बाजूला यायला हवी. खाली आली तर थर्मोस्टॅटच्या मागे हवा कोंडते, आणि आतलं मेण गरम पाण्याने वितळलं तरच व्हॉल्व उघडतो, तिथे नुसती हवा असेल तर उशिरा उघडतो किंवा उघडतच नाही.

काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपकडे असतो, तिथे वरचा पाइप आधीच गरम होतो आणि खालचा नंतर, तेव्हा वरचा गरम झाला म्हणून थर्मोस्टॅट उघडला असं धरू नका.

नळाचं पाणी चालेल का? आणि हिरवं, लाल, गुलाबी काय फरक?

रस्त्यात अडकलात तर कुठलंही स्वच्छ पाणी टाका आणि घरी या. कायमसाठी नाही. बोअरचं पाणी तर नकोच, घरातल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत टाकतात ते, पेट्रोल पंपावर आणि स्पेअरच्या दुकानात मिळतं.

रंगावर जाऊ नका, रंग कंपनीने टाकलेला असतो, दोन हिरवी कूलंट आतून वेगळी असू शकतात. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तो घ्या. वेगवेगळे प्रकार मिसळले तर गंज रोखायची ताकद कमी होते, कधी कधी गाळ पण धरतो. डब्यावर "रेडी टू यूज" लिहिलं असेल तर पाणी मिसळायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर साधारण अर्धं-अर्धं. आपल्याकडे बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, असं विचारणाऱ्यांना उत्तर म्हणजे गंज आणि उकळबिंदू. महाबळेश्वरच्या उंचीवर साधं उघडं पाणी ९५–९६ डिग्रीलाच उकळतं, आणि तिथे आपण पोचतो तो घाट चढून, इंजिन आधीच तापवून.

सीएनजी गाडीत काही वेगळं असतं का?

असतं, आणि हे फार कमी लोक सांगतात. टाकीतला गॅस प्रचंड प्रेशरवरून खाली येताना रिड्यूसर (गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग) एकदम गार पडतो, म्हणून त्याला गरम ठेवायला इंजिनचं कूलंट हीटरच्या पाइपमधून टी (फाटा) काढून त्यात फिरवतात. म्हणजे हवा अडकायला अजून एक जागा. लक्षणं वेगळीच दिसतात, गाडी पेट्रोलवरून सीएनजीवर जायलाच खूप वेळ लावते किंवा जातच नाही, चढावर झटके, आणि बॉनेट उघडलं तर ऐन मे महिन्यात रिड्यूसरवर बर्फ. लोक किटवाल्याला शिव्या घालतात, फिल्टर बदलतात, ट्यूनिंग करून घेतात, आणि असतं काय तर गेल्या आठवड्यात कूलंट बदललेलं.

रिड्यूसरला जाणारा आणि येणारा, कूलंटचे दोन्ही पाइप इंजिन गरम झाल्यावर हाताने बघा. दोन्ही गरम हवेत. एक गरम एक थंड म्हणजे आत फिरत नाहीये. इंजिन थंड असताना रिड्यूसरचा वरचा कूलंटचा पाइप क्लिप सैल करून किंचित ओढा, हवा निघून कूलंट यायला लागलं की परत आवळा. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये एक गोष्ट तपासा, रिड्यूसर रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच बसवलाय का. तसं असेल तर कितीही वेळा एअर काढा, ती परत तिथेच जाऊन बसणार. ब्रॅकेट खाली घेऊन लावायला सांगा. गॅसच्या लाइनला मात्र स्वतः हात लावू नका.

दोनदा एअर काढली, चार दिवसांनी परत तेच. का?

मग ती राहिलेली हवा नाही, नवीन येतेय. कुठून ते शोधायचं.

सगळ्यात स्वस्त संशयित झाकण. त्यात दोन व्हॉल्व असतात, एक प्रेशर वाढलं की कूलंट बाटलीत सोडतो, दुसरा गार होताना बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देतो. रबर कडक झालं असेल तर गार होताना कूलंटऐवजी बाहेरची हवा ओढली जाते. बाटलीची बारीक नळी चिरलेली असेल, किंवा बाटलीतली लेव्हल नळीच्या तोंडाखाली गेली असेल, तरी तेच. लिकेज कुठेच दिसत नाही कारण बाहेर काही येतच नाही, आत जातंय. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळी चपटा झालेला दिसला तर परत ओढणारा व्हॉल्व अडकलाय. झाकण बदला, त्याच आकड्याचं. १.१ चं झाकण ०.९ च्या जागी "जास्त चांगलं" म्हणून लावू नका, जुन्या रेडिएटरची शिवण फाटते.

मग होजच्या क्लिपा आणि वॉटर पंप. पंपाच्या खालच्या भोकाशी पांढरट-हिरवट वाळलेले ओघळ दिसले तर सील गेलंय.

आणि हे सगळं ठीक असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

हेड गॅस्केट गेलंय हे कसं कळतं?

बुडबुडे थांबतच नाहीत. साधी एअर निघते आणि संपते, गॅस्केटमधून येणारा सिलिंडरचा गॅस संपत नाही, आणि रेस दिली की वाढतो. थंड इंजिन स्टार्ट केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, पाणी अजून कोमटही नसताना, वरचा होज दगडासारखा कडक झाला तर जवळजवळ नक्की, कारण थंड पाण्याचं एवढं प्रेशर होऊच शकत नाही. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास, ऑइलच्या झाकणाखाली पांढरा चिकट फेस (फक्त झाकणाला थोडासा असेल आणि गाडी रोज दोन किलोमीटरच फिरत असेल तर घाबरू नका, डिपस्टिकवरचं ऑइल बघा).

खात्री करायला गॅरेजमध्ये निळं लिक्विड भरलेली नळी रेडिएटरच्या गळ्यावर धरतात, सिलिंडरचा गॅस असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं. हेड उघडायच्या आधी ही टेस्ट करून घ्याच. "रेडिएटर सील" नावाच्या पावडरी आणि बाटल्या यात टाकू नका, हीटर कोअरच्या नळ्या आधी बुजतात.

घाटात काटा वर गेला तर लगेच काय करू?

एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल, खिडक्या उघड्या. घाम निघेल पण हीटर म्हणजे अजून एक छोटा रेडिएटरच. तरी उतरत नसेल तर सुरक्षित जागी बाजूला घ्या. कसाऱ्यात किंवा खंबाटकीत वळणावर थांबू नका, थोडं पुढे मोकळी जागा बघा, पण काटा लालमध्ये असेल तर "वरपर्यंत नेतो" हा विचार सोडा. लाल म्हणजे इंजिन बंद. बॉनेट उघडा, झाकण उघडू नका, आणि तापलेल्या इंजिनवर बाहेरून थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

बाइकची एअर अशीच काढायची का?

लिक्विड कूल्ड असेल तर हो, आर१५, ड्यूक वगैरे. कूलंट एक-दीड लिटरच्या आत. भरून झालं की गाडी सरळ धरून दोन्ही बाजूंना हळूहळू झुकवा, बुडबुडे निघतात. मग स्टार्ट करून दोन-तीन मिनिटं, हलकी रेस, परत भरा, झाकण. ब्लीड बोल्ट असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी?

नको. बॅटरीचं कूलंट वेगळं असू शकतं, त्यातून वीज वाहू नये अशी अट असते, आणि पंप कॉम्प्युटरने चालवून एअर काढावी लागते. हायब्रिडमध्ये इन्व्हर्टरची कूलंट लाइन इंजिनपेक्षा वेगळी असते, दोन्ही टाक्या बऱ्याचदा शेजारी असतात आणि लोक चुकीच्या टाकीत भरतात. ज्या पेट्रोल गाड्यांत वॉटर पंप इलेक्ट्रिक आहे (बऱ्याच बीएमडब्ल्यूत असतो) तिथेही इंजिन चालू करून एअर निघत नाही, पंपाचा वेगळा ब्लीड मोड असतो. त्याची पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते.

काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतलं तर चालतं का?

नाही, आणि अंगणात तर अजिबात नाही. एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडन्या जाऊन मरतात, त्यासाठी फार लागत पण नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरांत लिहा (पाण्याच्या बाटलीत ठेवणार असाल तर नक्कीच, घरात लहान मुलं असतात), आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्या. जमिनीवर सांडलं तर लगेच माती किंवा भुसा टाकून भरून घ्या आणि मग भरपूर पाण्याने धुवा. पार्किंगमधल्या मांजराने चाटलेलं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता व्हेटकडे, पहिल्या काही तासांतच औषधाचा उपयोग होतो.

सगळं केलं, पण रेडिएटर फॅन लागलाच नाही. वाट किती बघू?

काटा नेहमीच्या जागेच्या वर सरकायला लागला की वाट बघणं बंद, इंजिन बंद. गार झाल्यावर परत स्टार्ट करून आधी एसी लावून बघा, बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन लागतो. लागला तर मोटर चांगली आहे, मग एकतर सेन्सरपाशी अजून हवा आहे नाहीतर सेन्सर किंवा त्याची वायर. थंड करून परत सुरुवातीपासून एकदा एअर काढा. एसीवरही नाही लागला तर फ्यूज, रिले, आणि मघाशी काम करताना फॅनचा सॉकेट काढून ठेवला होता का ते बघा.